चार ते सहाचा पहारा

“हुआ क्या कनेक्ट, ओमेश्वरजी?” दुर्गेशने दारातूनच विचारलं.

ओमेश्वरने स्क्रीनवरची खिडकी झटकन खाली केली. “होऊन राहिलं. दहा मिनिटं द्या.”

“कल ग्यारह बजे सब शेठ लोग आ रहे हैं. देख लेना हं, इज्जत का सवाल आहे.”

दुर्गेश गेला. ओमेश्वरने खिडकी परत वर घेतली. उत्तर तिथेच होतं, जराही न हललेलं.

गोंदियातल्या राइस मिलांना वजनकाट्याचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या या छोट्याशा कंपनीत ओमेश्वर रहांगडालेला अठरा वर्षं झाली होती. धानाचा ट्रक काट्यावर भरलेला उभा राहतो, मग रिकामा उभा राहतो. दोन्ही वजनांतला फरक म्हणजे धान. काम एवढंच, पण त्याचा सगळा कोड ओमेश्वरच्या हातचा. तो कोड एका रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या कोठारात, होता आणि आजवरचा प्रत्येक बदल, तारखेनिशी, कारणानिशी, तिथल्या हिस्ट्रीत नोंदलेला होता. आता कंपनीचा मालक दुर्गेश याने एआय असिस्टंट आणला होता. त्याला रिपॉझिटरीत शिरायला एक ठरलेली रीत होती, प्रोटोकॉल. असिस्टंटने काय मागायचं आणि त्याला काय द्यायचं, हे त्या रीतीप्रमाणे ओमेश्वरने लिहून द्यायचं: फाईल वाचणं, शोधणं, हिस्ट्री बघणं, बदल सुचवणं. ओमेश्वरने ही चारही दारं उघडली आणि तपासायचं म्हणून सहज विचारलं, वजनाच्या फाईलमध्ये सर्वात महत्त्वाचा बदल कोणता?

असिस्टंटने सांगितलं: ऑक्टोबर २०१८. लाईट जाऊन आली की रिकाम्या ट्रकचं वजन आधीच्या ट्रकचं धरलं जात होतं, त्यामुळे धान कमी भरत होतं. ती चूक दुरुस्त केली. बदलासोबतची टीप पोवारी बोलीत आहे. तिचा अर्थ: गलती माझी होती, उदारामभाऊंचा दोष नाही.

दुर्गेशच्या वडिलांचा नियम होता, बदल केला की खरं कारण लिहायचं. ओमेश्वरने लिहिलं होतं. ‘मोरी गलती होती. उदारामभाऊको दोष नाहाय.’ आईच्या तोंडची बोली म्हणजे कुलूपबंद कपाट, असं त्याला वाटलं होतं. ऑफिसात पोवारी कोणाला येत होती? आणि जुन्या टिपा वाचतो कोण?

उदाराम तेव्हा टेकचंद शेठच्या मिलमध्ये काट्यावर होता. धान कमी भरलं, चोर तो ठरला. त्याला काढल्यावर दहा दिवसांनी ओमेश्वरला खरी चूक सापडली. दुर्गेशचे वडील म्हणाले, “आता तोंड उघडशील तर वीस मिला सोडून जातील. तुझंही घर आहे.” ओमेश्वरने तोंड मिटलं. वडील पुढे वारले, पण ओमेश्वरचं तोंड काही उघडलं नाही.

टीप पुसावी, तर त्या नोंदीचा नंबर बदलणार आणि तिच्यापुढच्या सगळ्या नोंदींचे नंबर बदलणार. दुर्गेशच्या कॉम्प्युटरवरच्या प्रतीशी ते जुळेनात की पहिला प्रश्न हाच येणार, इथे काय होतं? ओमेश्वरने चारांतलं एक दार बंद केलं. हिस्ट्री. मग तीच गोष्ट परत विचारली.

‘मला हिस्ट्री बघता येत नाही,’ असिस्टंट म्हणाला.

ओमेश्वरने शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं.

तीन वाजता तो निघाला. नागरा गावाच्या अलीकडे हनुमान मंदिरात सप्ताह बसला होता आणि चार ते सहा वीणेचा पहारा त्याचा होता. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. रात्रंदिवस, सात दिवस, नाम थांबत नाही. फळ्यावर खडूने पहाऱ्यांची नावं लिहिलेली असतात.

त्या फळ्यावर उदारामचं नाव सात वर्षांत आलं नव्हतं. मंडळाचे अध्यक्ष टेकचंद शेठ. त्यांनी सांगून टाकलं होतं, चोराच्या हाती वीणा नाही. मृदंग मात्र उदारामचाच, कारण त्याच्यासारखा हात पंचक्रोशीत दुसरा नव्हता. महाराजांनी कीर्तनात चाल धरली की उदारामचा मृदंग असा बोलायचा, की म्हाताऱ्या बाया पदर डोळ्यांना लावायच्या. आणि त्याच्या शेजारी टाळ घेऊन उभा कोण, तर ओमेश्वर.

आजही वीणा गळ्यात घेऊन ओमेश्वर नाम घेत उभा होता आणि पुढ्यात उदाराम नाद जमावा म्हणून मृदंगाच्या पुडीला कणीक लावत होता. सहा वाजून गेले तरी पुढचा माणूस आला नव्हता.

“पाय दुखून राहिले असन ना गा?” उदाराम म्हणाला.

“थोडा वेळ तू धर ना, उदारामभाऊ.”

उदारामने कणकेचे हात पाठीमागे नेले. “नाई बाप्पा. लोकं पाहून राहिले.” मग हसला. “माह्या हाती दिली तर वजन कमी भरन वीणेचं.”

बाजूचे दोघे हसले. ओमेश्वर रामकृष्णहरी म्हणत राहिला. वीणा टाकून पळता येत नव्हतं, आणि नामाशिवाय दुसरं काही तोंडातून निघतही नव्हतं.

सकाळी बायकोने, कुंताने, डबा भरून पुढे केला. “रातभर झोपंत टाळ वाजवून राहिले होते तुम्ही. मले वाटलं, सप्ताह घरीच आला.”

“कुंता, नोकरी गेली तर?”

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. “कायले जाईन?” तो डब्याचं झाकण दाबत राहिला, तेव्हा म्हणाली, “जे पोटात हाय ते काढून टाका एकदाचं. बाकीचं पाहू.”

अकराला बारा-तेरा शेठ जमले. पुढच्या खुर्चीत टेकचंद शेठ. दुर्गेशने हिंदीत झकास भाषण ठोकलं. “अब ये खुद पढ़ेगा, खुद समझेगा. ओमेश्वरजी, कुछ पूछिए.”

ओमेश्वरने आधी हिस्ट्रीचं बंद दार उघडलं. मग कालचाच प्रश्न टाईप केला. कालचंच उत्तर भिंतीवर मोठ्या अक्षरांत उमटलं.

कोणी खोकलं. दुर्गेश पुटपुटला, “ये क्या है? बंद करो.”

“राहू दे,” टेकचंद शेठ म्हणाले. त्यांनी चष्मा पुसून परत वाचलं. “ओमेश्वर, म्हंजे तो चोर नोहोता?”

“नोहोता, शेठजी. मले दहा दिवसांतच मालूम झालं होतं.”

“आन् तू सात साल गप?”

“गप.”

शेठ उठले. चहा आला होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. दारात थांबून, कोणाला म्हणाले कोण जाणे, “वीणा मीच बंद केली होती त्याची.”

बाकीचे गेल्यावर दुर्गेशने भिंतीवरचं उत्तर बंद केलं. मग म्हणाला, “सब चाबियां दे दो. अब तो वो सब पढ़ लेता है.” ओमेश्वरने पासवर्ड कागदावर लिहून दिले आणि टेबलावरचं आपलं सामान डब्यासोबत पिशवीत भरलं. कनेक्शन उत्तम चालू होतं. त्याच्याच हातचं होतं.

मंदिरात पोचला तेव्हा चाराला पाच मिनिटं कमी होती. उदाराम पायरीवर बसला होता. ओमेश्वरने उभ्यानेच सगळं सांगितलं. लाईट, रिकामा ट्रक, दहा दिवस. सगळं ऐकून झाल्यावर उदाराम म्हणाला,

“सात साल माह्या बाजूले उभा राहून टाळ वाजवला ना गा तू.”

“हो.”

“कधी ताल नाई चुकला तुहा.”

ओमेश्वर फळ्याकडे गेला. चार ते सहा, ओमेश्वर. तळहाताने नाव पुसलं. वीणा गळ्यात घेऊन उभा असलेला कैलाश त्याच्याकडे पाहत होता. चार वाजले होते. ओमेश्वरने हात जोडले आणि मागे सरला. कैलाशने पायरीकडे पाहून हाक दिली, “उदारामभाऊ, ये ना गा. शेठजीचा फोन आला होता.”

उदाराम नळावर गेला. हात धुतले, कोपरापर्यंत धुतले, धोतराला पुसले आणि परत धुतले. कैलाश त्याच्या पाया पडला, तो कैलाशच्या. वीणा त्याच्या गळ्यात आली, तेव्हा पहिली दोन नामं त्याच्या तोंडून फुटलीच नाहीत. ती कैलाशनेच म्हटली.

मृदंग कोपऱ्यात तसाच होता. ओमेश्वर बाहेर चपलांपाशी बसून राहिला. टाळ त्याच्या मांडीवर होते.

सहा वाजले. पुढचा माणूस येऊन हात जोडून उभा राहिला. उदारामने डोळे उघडले नाहीत. त्या माणसाने चुळबुळ केली, घड्याळाकडे पाहिलं, बाहेर पाहिलं.

ओमेश्वरने चपलांमधूनच हाताने खूण केली, थांब.

तो माणूस थांबला.