थंड इंजिनाचा आवाज

जुनी डिझेल पिकअप बघायला जायचं तर सकाळी लवकर जायचं, आणि ठरल्या वेळेच्या जरा आधीच पोचायचं. पोचल्यावर नमस्कार-चमत्कार राहू द्यायचे, आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर समजायचं, विकणाऱ्याने गाडी आधीच चालू करून ठेवली होती. म्हणजे थंड असताना ती नखरे करते. हे सगळं मला आमच्या ह्यांनी शिकवलं, तेही फोनवरून. गेली सहा वर्षं आमचा संसारच फोनवरून चाललाय.

हे लांबच्या बंदरावर क्रेन चालवतात. मी इथे ताडपत्र्या आणि तंबू शिवते. पूर्वी आमची स्वतःची पिकअप होती. हे भाड्याने माल वाहायचे आणि माझ्या ताडपत्र्याही पोचवायचे. मग काम आटलं, गाडी विकावी लागली, आणि हे निघाले. "दोन वर्षं काढतो," म्हणाले. "मग येतो. पुन्हा पिकअप घेऊ. आठवडाभर माल वाहू आणि सुट्टीला तळ्याकाठी जाऊन हौद्यात झोपू." दोनाची सहा झाली. मागच्या उन्हाळ्यात स्वतःच म्हणाले, "तू चांगली गाडी शोध. गाडी मिळाली की मी आलोच."

मी लागले की कामाला! खरं सांगते, लग्नाच्या वेळीही मला एवढी हौस नव्हती. दुकान बंद झाल्यावर थांबून मी हौद्यावर बसेल अशी कनात शिवली. दोन्ही बाजूंना खिडक्या, त्यांना डासांची जाळी, कंदील अडकवायला कडी. शिवताना मनात सारखं एकच चालायचं, आता ह्या खिडकीशी ते झोपतील आणि त्या खिडकीशी मी.

गाड्या बघायला सोबत मिस्त्री यायचा. आमची जुनी गाडी त्यानेच सांभाळलेली, त्यामुळे त्याचा शब्द मला पुरेसा होता. पण ह्यांना नव्हता. ह्यांचा हुकूम असा, की थंड इंजिन चालू करताना फोन बॉनेटशी धरायचा, मग ते तिकडून निकाल देणार. पहिलीचा धूर निळा होता, ती मीच सोडली. दुसरीची चासी मिस्त्रीने हातोडीने वाजवली तर पापडासारखा गंज निघाला. इथवर ठीक. पण मग ह्यांचं सुरू झालं. एकीचा रंग नवा आहे, म्हणजे काहीतरी झाकलंय. दुसरीचा रंग जुना आहे, म्हणजे निगा राखलेली नाही. एकीचा मालक फार बोलतो, एकीचा मालक काहीच बोलत नाही!

"वहिनी," मिस्त्री एकदा वैतागून म्हणाला, "दादा गाडी बघतायत की लेकीला स्थळ?"

"गप रे," मी म्हटलं. "चोखंदळ आहेत ते. नीट बघून घेतलेली बरी." नवऱ्याची बाजू घ्यायची खोड काही जात नाही.

मग एक गाडी मला फारच आवडली. मी कनात सोबतच नेली होती, तिथल्या तिथे लावून बघितली तर वीतभर मोठी! इतकी वर्षं शिवणकाम करणारी बाई मी, आणि माप चुकलं? मिस्त्री पोट धरून हसला. "माप घेतलं कुठल्या गाडीचं?"

घेतलंच नव्हतं. कापताना हात आपोआप चालला होता, आणि तो चालला होता आमच्या जुन्या गाडीच्या मापाने. कपाळ माझं! म्हणजे इतके महिने मी दारोदार हिंडत होते, पण मनात तीच गाडी उभी होती. मी मिस्त्रीला विचारलं, "ती आपली गाडी आता कुठे आहे रे?"

"आहे की. रोपवाटिकेवाल्या बाई चालवतात. सर्व्हिसिंगला माझ्याकडेच येते. परवाच म्हणत होत्या, मला आता छोटी गाडी बघायचीय."

"आणि हे तू मला आत्ता सांगतोस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

मी ह्यांना काही कळवलं नाही. हे नेहमी म्हणायचे, माझ्या गाडीचा आवाज मी झोपेतही ओळखेन. म्हटलं, ओळखू देत. ह्या गाडीला तरी नावं ठेवता यायची नाहीत. ठेवायला जागाच नाही.

रोपवाटिकेच्या फाटकापाशी गाडी उभी होती. हौद्यात ओली माती, कुंड्यांचे गोल डाग, मागच्या फळीला ह्यांच्याच हातून पडलेला पोचा. मी बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. हात लगेच उचलवेना, आणि मिस्त्री शहाणा, तो गाडीखाली स्प्रिंगचे पाटे बघायला वाकला.

बाईंनी किल्ली माझ्या हातात दिली आणि त्या झारी घेऊन रोपांकडे गेल्या. मी ह्यांना फोन लावला. "अजून एक बघायला आलेय. ऐका." फोन मिस्त्रीच्या हातात दिला आणि सेल्फ मारला. पहिल्याच फटक्याला उठली ती! जरासा पांढरा धूर आला, लगेच विरला. मिस्त्रीने ऑईलचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवलं. इंजिन थकलेलं असलं की आतल्या दाबाने ते थडथड उडतं. हे झाकण जागचं हललं नाही. त्याने मला अंगठा दाखवला. मी उतरून फोन कानाला लावला.

"नको," हे म्हणाले. "इंजेक्टर ठोकतायत."

"नीट ऐका हो."

"ऐकलं गं. अशा गाड्या भर रस्त्यात बसतात. दुसरी बघ."

मी म्हटलं, "अहो, ही आपली आहे. आपली जुनी गाडी."

पलीकडे बंदराचा भोंगा वाजला. मग अगदी बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "डावं दार अजून उचलून लावावं लागतं का?"

"लागतं."

"आणि पहिल्या सेल्फला उठली?"

"पहिल्या." मला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. "मग? कधी येताय?"

इंजिन आपलं चालूच होतं. हे म्हणाले, "टायर बघितलेस का?"

"टायर गेले खड्ड्यात!" मी ओरडलेच. झारीचं पाणी थांबलं. "टायर उद्या बदलता येतात. मी काय विचारलं? तुम्हाला यायचंय की नाही?"

"गाडी मिळत नव्हती तोवर बरं होतं गं," ते म्हणाले. "तुला वाटायचं मी येणार. मलाही वाटायचं." मग थांबत थांबत म्हणाले, "इथे मला आता सगळे ओळखतात. तिकडे येऊन पुन्हा पहिल्यापासून... माझ्याने नाही होणार. तुझ्यात काही वावगं नाही. रागावू नकोस." रडत होते. मी रागावले होते, आणि त्याच वेळी वाटत होतं, हा माणूस समोर असता तर पदराने डोळे पुसले असते. मी फोन ठेवला.

बाई जवळ आल्या. "घरच्यांना पसंत नाही का?"

"घरची मीच आहे," मी म्हटलं. "मला पसंत आहे."

व्यवहार ठरल्यावर मिस्त्री म्हणाला, मी चालवतो. मी म्हटलं, तू बाजूला बस. वाटेत रडायला होईल असं वाटलं होतं, पण तिचा क्लच जड, सगळं लक्ष पायात. चढावर तिसऱ्या गिअरवर गेली, धाप न लागता. मिस्त्री मान डोलवत राहिला. दुकानासमोर लावली आणि इंजिन बंद केलं, तेव्हा मात्र मी स्टिअरिंगवर डोकं टेकून भरपूर रडले.

संध्याकाळी ह्यांचा फोन आला. घेणारच नव्हते. घेतला.

"पोचलीस का नीट?"

"पोचले."

"चढाला कशी ओढली?"

चार शब्द सुनावावेत असं फार मनात होतं. पण मी सांगत गेले. चढाचं, क्लचचं, वळणावर अजून जरा डावीकडे खेचते त्याचं. ते मध्येमध्ये हं म्हणत होते. मग म्हणाले, तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना जरा थांबत जा, तिला ते आवडतं. मी म्हटलं, माहीत आहे मला. खूप वेळ बोललो. येण्याचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मीही काढला नाही.