शाफ्टवरचे ठिपके

मिस्त्रींना आपल्या कामाचा अभिमान होता आणि तो त्यांनी कधी झाकून ठेवला नाही. पन्नास वर्षं त्यांनी जुन्या गाड्यांचे गिअरबॉक्स दुरुस्त केले. आपण हात लावलेली गाडी पुन्हा त्याच दुखण्यासाठी दारात आली नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. त्यातही भूगोलाच्या बाईंची निळी गाडी म्हणजे त्यांचा हुकमी एक्का. सव्वीस वर्षांपूर्वी तिचा गिअरबॉक्स त्यांनी केला होता. ती रस्त्यानं गेली की ते म्हणत, माझं प्रशस्तिपत्रक चाललंय बघा, पेट्रोलवर.

भाची त्यांच्या वर्कशॉपमध्ये आली त्याला सहा वर्षं झाली होती. त्याआधी ती पंपांच्या कारखान्यात लेथवर धातू कातायचं काम करत होती. कारखाना बंद पडला तेव्हा मामाच म्हणाले, तुझा हात आणि माझं लेथ, दोन्ही गंजायच्या आत ये. तरी गिअरबॉक्स काही त्यांनी तिच्या हाती सोपवला नव्हता. पंपाचं काम वेगळं, गाडीचं वेगळं, एवढंच सांगून ते विषय मिटवत.

आणि एका सकाळी ती निळी गाडीच दारात आली. वेग वाढला की खालून घुमल्यासारखा आवाज येतो, चढावर गिअर आपोआप निसटतो, असं बाई म्हणाल्या. निवृत्त झाल्या तरी गाडी त्या स्वतःच चालवत, आणि पुढच्या महिन्यात त्यांना डोंगर ओलांडून धाकट्या बहिणीकडे जायचं होतं. मिस्त्रींनी बाईंशेजारी बसून एक फेरी मारली आणि निदान केलं: मुख्य शाफ्टचं मागचं बेअरिंग गेलंय. पण हिवाळ्यापासून त्यांची बोटं थरथरत होती. गिअरबॉक्स खाली उतरल्यावर त्यांनी पाना भाचीपुढे धरला. तू खोल, मी बघतो, म्हणाले.

शाफ्टवर बेअरिंग असं घट्ट बसलेलं असतं की ते ओढून काढायला पुलर नावाचं हत्यार लावावं लागतं. हे नुसत्या हातानं निघून आलं. खालचा शाफ्ट झिजून आरशासारखा चकचकीत झाला होता, आणि त्यावर गोलाकार ओळीत टोकदार पंच ठोकून मारलेले ठिपके होते. भाचीच्या लगेच ध्यानात आलं. बेअरिंग सैल बसत असलं की कुणीतरी असे ठिपके मारून धातू जरा उचलून घेतो. तेवढ्यापुरतं ते घट्ट होतं, मग हळूहळू शाफ्टवरच फिरायला लागतं. आणि हा गिअरबॉक्स आजवर एकाच माणसानं उघडला होता.

बाई तीन पावलांवर बाकावर बसल्या होत्या. भाचीनं शाफ्टवर फडकं टाकलं आणि मापं घ्यायला वेळ लागेल असं काहीतरी पुटपुटली.

मामांनी फडकं उचललं. ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी बाईंना जवळ बोलावलं.

"बाई, हे ठिपके माझे आहेत," ते म्हणाले. "तेव्हा तुम्हाला घाई होती, मलाही होती. पुढच्या खेपेला नीट करू म्हटलं आणि ते राहूनच गेलं."

बाईंनी चष्मा लावला आणि वही तपासावी तसा शाफ्ट पाहिला. "सव्वीस वर्षं चाललं ना?"

"चाललं. पण बरोबर नव्हतं." मिस्त्रींनी मान भाचीकडे वळवली. "आता ही करेल. माझ्यापेक्षा चांगलं करेल."

बाईंनी ठीक आहे म्हटलं आणि रिक्षा करून घरी गेल्या. भाचीचे कान मात्र तापले होते. सहा वर्षांत असं वाक्य तिनं ऐकलं नव्हतं.

तिनं झिजलेली जागा लेथवर थोडी कातून उतरवली आणि तिच्यावर घट्ट बसेल असा पोलादाचा पातळ, नळीसारखा बुश करायला घेतला. पहिला बुश आतून केसभर मोठा झाला. मामा सवयीनं म्हणाले, चालेल. तिनं नकारार्थी मान हलवली, तो भंगारात टाकला आणि नवा तुकडा लेथवर चढवला. मामा खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

दुसरा बुश तापवून शाफ्टवर चढवला. तो निवल्यावर तिनं त्याला वरून घासत घासत मापावर आणलं, बेअरिंगच्या छिद्रापेक्षा फक्त दोन शतांश मिलिमीटर जाड. मायक्रोमीटर तिनं धरला आणि आकडा मामांनी भिंगातून वाचला. मग नवं बेअरिंग गरम तेलात तापवलं. हातमोजे घालून तिनं ते शाफ्टवर सरकवलं तेव्हा ते एका दमात जागेवर जाऊन टेकलं. थंड झाल्यावर मामांनी बेअरिंगचं आतलं कडं दोन्ही हातांनी फिरवायचा प्रयत्न केला. ते तसूभरही हललं नाही. त्यांनी पुन्हा जोर लावून पाहिला, आणि दुसऱ्यांदा हरताना ते चक्क हसले.

चार दिवसांनी बाईंनी गाडी टेकडीच्या चढावर घातली. मिस्त्री शेजारी, भाची मागे. गिअर जागचा हलला नाही, घुमणंही गेलं होतं. माथ्यावर बाईंनी गाडी थांबवली, मागे वळल्या आणि म्हणाल्या, "दहापैकी दहा. मी सहसा देत नाही."

परत आले तेव्हा दारात एक डॉक्टर आपली जुनी गाडी घेऊन उभे होते. गिअरबॉक्सचंच दुखणं होतं. मिस्त्रींनाच दाखवायचंय, असं ते म्हणाले.

"मिस्त्री ही," मामा भाचीकडे बोट दाखवून म्हणाले. "मी मामा."

भाची आधीच गाडीखाली वाकली होती. हसू काही केल्या आवरत नव्हतं, आणि गिऱ्हाइकापुढे ते बरं दिसलं नसतं.