मी कुठी जाऊन नाही राहिली

नंदिनीची खोली लकडगंजात एका आरामशीनच्या वर आहे. खाली दिवसभर सागाचे ओंडके चिरतात, त्यामुळे तिला खिडकी उघडता येत नाही. उघडली की भुसा आत येतो आणि माणसाचं बोलणं ऐकू येईनासं होतं. दार लावलं, खिडकी लावली की आत आम्ही पाच जण आणि पायाखाली आऱ्याची घरघर.

आम्ही पाचही जण समुपदेशक. ज्याची त्याची वेगळी खोली, वेगळे पेशंट. डोक्यावर साहेब नाही. कुणाचं चुकलं तर विचारणारं कुणी नाही, आणि थकलं तर धीर देणारंही नाही. म्हणून महिन्यातून एका शनिवारी दुपारी जमायचं आणि आपली अडचण बाकीच्यांसमोर मांडायची, अशी पद्धत मी आणि प्रयागने सुरू केली. तेव्हा आम्ही दोघीच होतो. महालात एका होमिओपॅथी डॉक्टरच्या दवाखान्यामागे आमची खोली होती. बायका गुडघे दुखतात असं घरी सांगून यायच्या. बाहेर बसलेल्यांना संशय येऊ नये म्हणून डॉक्टर त्यांच्या हातावर साबुदाण्यासारख्या गोळ्यांची पुडी ठेवायचा. त्या गोळ्या प्रयागच खायची. "मले बरं वाटून राहिलं वं सिंधू," म्हणायची.

नियमही आमचेच. पेशंटचं नाव घ्यायचं नाही. आणि बोलणं ऐकताना माणूस ओळखीचं निघालं, तर ताबडतोब उठून बाहेर जायचं. का उठलात असं कुणी विचारायचं नाही. नागपूर म्हणायला मोठं शहर, पण दोन प्रश्न विचारले की कुणाची तरी मामेबहीण निघते. नंदिनीकडे बाहेर गॅलरीत माठ आहे, त्यामुळे आम्ही या उठण्याला 'पाणी प्यायला जाणं' म्हणतो. मागे रोशन असाच गेला होता. परत आल्यावर म्हणाला, "लई तहान लागली होती. माझा घरमालकच निघाला." नियम मोडला म्हणून सगळ्यांनी त्याला झापलं आणि पोट धरून हसलो.

त्या शनिवारी नंदिनीची पाळी होती.

"एक मुलगी आहे," ती म्हणाली. "मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते. नवऱ्याच्या जाचातून सुटली, तेव्हा एका ताईंकडे जात होती. त्यांनी तिला खरंच उभं केलं. मग फी घेणं बंद केलं. सणाला घरी जेवायला बोलवायला लागल्या, मुलगी म्हणायला लागल्या. आता हिला पुण्याला चांगली नोकरी मिळते आहे, तर ताई म्हणतात, तू अजून तयार नाहीस. फोन उचलला नाही की कंपनीच्या गेटवर येऊन उभ्या राहतात. डबा घेऊन."

"डबा?" मिनलने विचारलं. ती आमच्यातली सगळ्यात नवी.

"हो. ती मला म्हणाली, 'मॅडम, मी नवऱ्यापासून सुटली अन् मायेत अडकली. भांडू कशी?' पहिल्या दिवशी त्या ताईंनी तिला जे म्हटलं होतं, त्यावर ती जगली, आणि आता तेच वाक्य ऐकलं की तिचा श्वास कोंडतो. 'रडून घे, पोरी. मी कुठी जाऊन नाही राहिली.'"

मी हातातला कप खाली ठेवला.

हे वाक्य मी ओळखत होते. माझे यजमान गेले तेव्हा घर भरलेलं होतं. सगळे म्हणत होते, रडू नको, मुलांकडे बघ. प्रयाग एकटी माझ्याजवळ भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "रडून घे, सिंधू. मी कुठी जाऊन नाही राहिली." ती तेरवीपर्यंत खरंच गेली नाही. त्या वाक्याच्या आधाराने मी पुढची वर्षं काढली.

आता ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. ओळख पटली की उठायचं. मी ती उठण्याची वाट पाहू लागले. उठली असती तर बाकीच्यांना एवढंच कळलं असतं, की तिला ती मुलगी माहीत आहे. बाकीचं आम्ही दोघींनी नंतर पाहिलं असतं. ती उठली नाही. खुर्ची पुढे ओढून तिने विचारलं,

"आता कशी आहे ती? झोप लागते का?"

"लागते थोडी."

"अन् जेवते?"

विचारताना तिचा आवाज इतका हळवा झाला, की मी खाली बघितलं. धाकटी बहीण गेल्यापासून प्रयागच्या घरात कुकर एका माणसाचा लागतो, हे मला ठाऊक होतं. पण सणाच्या ताटावर कोण बसतं, हे मी कधी विचारलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं.

"मी सांगू का नंदिनी," प्रयाग म्हणाली, "त्या पोरीले म्हणा, एकदा जुन्या ताईले भेटून घे. असं तोडून जाऊ नाही. निरोप घेऊन जाय."

"हो ताई, हे बरोबर वाटतं," नंदिनी म्हणाली. आमच्यात प्रयागचा शब्द खाली पडत नाही. "परवाच येणार आहे ती. सांगते तिला."

खाली आऱ्याला मोठा ओंडका लागला असावा, फरशी थरथरायला लागली. मला बोलता येत नव्हतं. 'पाठवू नको' म्हटलं तर कारण सांगावं लागणार होतं, आणि कारण म्हणजे माझ्या शेजारी बसलेलं माणूस. गप्प बसले तर ती मुलगी परवा पुन्हा त्याच दारात जाऊन उभी राहणार होती. समोर जेवणाचं ताट येणार होतं आणि पुण्याची नोकरी तिथेच संपणार होती. मी मिनलकडे बघितलं, रोशनकडे बघितलं. सगळे शांतपणे मान हलवत होते.

आपण केलेल्या नियमात इतकीच एक फट होती, की उठणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. मी उठले.

"सिंधूताई, पाणी का?" रोशन म्हणाला.

"हो." मी दार उघडलं. आऱ्याचा आवाज एकदम आत आला. मी दारातच उभी राहून म्हटलं, "प्रयाग, चल. तुलाही तहान लागली आहे."

कुणी कुणाला असं उठवायचं नसतं.

"मले नाही लागली," प्रयाग म्हणाली.

"चल वं."

"काहून जोर करून राहिली? तुले जायचं तं जाय." तिने खुर्चीचे हात घट्ट धरले होते. "मी कुठी जाऊन नाही राहिली!"

नंदिनीने मान वर केली. ती आधी प्रयागकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. प्रयागलाही आपण काय बोललो ते ऐकू आलं असावं, कारण तिने तोंडावर हात ठेवला.

मग ती उठली आणि माझ्या अंगावरून गॅलरीत गेली. मी दार ओढून घेतलं.

ती माठाला टेकून रडत होती. मी काय म्हणायला हवं ते मला पाठ होतं, पण ते वाक्य तोंडातून निघेना.

"तिले शेवया आवडतात," ती म्हणाली. "गेटवर ती मले पाहून हसायची, सिंधू. खरंच हसायची."

"भीतीनेही हसतात गं. हे तूच मला शिकवलंस."

नंदिनी दार उघडून बाहेर आली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज स्थिर होता.

"प्रयागताई, तिला मी तुमच्याकडे पाठवणार नाही. तुम्हीही तिला फोन करायचा नाही, गेटवर जायचं नाही. आता आत या. आपण तुमच्याबद्दल बोलू. आज तुमची पाळी आहे असं समजा."

"अन् मी नाही आली तं?"

प्रयागने जिन्याकडे पाहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की जिना अडवून मीच उभी आहे. मी बाजूला सरकले.

"काहून सरकली?" तिने विचारलं.

"तुला वाट पाहिजे ना."

ती जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. खाली ट्रकवर फळ्या चढवत होते. एवढ्या वर्षांत मी तिला कधी जाऊ दिलं नव्हतं, आणि तिनेही मला. मी कठडा धरून उभी राहिले.

"वाट देऊन राहिली म्हणते," ती पुटपुटली. मग पदराने नाक पुसलं, माठातून एक पेला पाणी घेऊन उभ्यानेच प्यायली आणि आत गेली.