उजव्या बाजूचे काळीज

मी एक जुने काळीज आहे. मित्रांनो, जगातले प्रेम माझ्यामुळे, शौर्य माझ्यामुळे, राज्ये उभी राहिली तीही माझ्याच बळावर, असे तुम्ही भाषणांत ऐकले असेल. मी मात्र लासुर्ण्याच्या कुशाबाईंच्या छातीत असते, आणि तेही चुकीच्या बाजूला.

इतरांची काळजे डावीकडे. माझी घडण आरशातल्यासारखी झाली, म्हणून मी उजवीकडे. कुणाचे वाईट केले नाही, पण कुणी माझ्या दारी आलेही नाही. दवाखान्यात नळी डावीकडे टेकायची. "आवाज फार लांबून येतोय," असे म्हणून डॉक्टर शक्तीच्या गोळ्या द्यायचे.

उतारवयात मी अधूनमधून बिथरू लागले. उसाला पाणी देता देता कुशाबाई मटकन खाली बसायच्या. घरी आल्यावर त्यांचे मालक हिंदुराव बामची डबी काढून छातीला चोळत बसायचे. अर्थात डावीकडे.

"तुला काळीज हाय का न्हाय गं? हाताला लागंना."

"हुतं. तुमाला दिलं न् हरपलं."

दोघे हसायचे. मी वीतभर अंतरावर तडफडत असायचे. शेजारच्या घरी रोज पाहुणे यावेत आणि आपली कडी कुणी वाजवूच नये, तसे ते दिवस होते.

एकदा निमगाव केतकीच्या बाजारात मी असे उधळले, की कुशाबाई मेथीच्या ढिगावर कोसळल्या. बारामतीच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला. काढणाऱ्याने तो उलटा धरून पाहिला, मग पुन्हा काढला. मी होते तिथेच होते.

"पुन्हा असं झालं तर जिवावर बेतेल," डॉक्टर वृषालीबाई म्हणाल्या. "बारीक तार आत नेऊन बिघडलेली जागा डागावी लागेल."

तार मांडीच्या शिरेतून निघाली. आयुष्यात प्रथमच कुणी माझ्याकडे यायला निघाले होते. पण यकृतापाशी येऊन ती थांबली. तिथून माझ्याकडे येणारी शीरच नव्हती. खालचे रक्त पाठीमागून वळसा घेऊन वरून माझ्याकडे यायचे. त्या वळणात तार अडखळली, आणि मागे फिरली. मी मनाशी म्हटले, हाही पाहुणा गेला.

"झालं का वो?" कुशाबाईंनी विचारले.

"नाही आजी. खालून रस्ता नाही. मानेतून येते."

आणि आल्या. जागा हुडकून त्यांनी डागली. मी शांत झाले.

संध्याकाळी वृषालीबाईंनी हिंदुरावांचा हात उचलून उजवीकडे ठेवला. "इथं बघा, आबा."

हिंदुरावांनी तळहात तिथेच दाबून धरला. मग म्हणाले, "हितं व्हतं व्हय."

"मला तरी कुठं ठावं हुतं," कुशाबाई म्हणाल्या.

मित्रांनो, कुणाची विचारपूस करायची तर आधी ते राहते कुठे ते पाहावे. आता हिंदुराव रोज न चुकता माझ्या दारी येतात. फक्त कधी भेटले तर त्यांना तेवढे सांगा, बाम जरा कमी लावा. फार झोंबतो.