ओठ मिटले आणि उघडले

माझी सासू, सानवबर, कापडगिरणीत लागली तेव्हा ती शाळेतून नुकतीच बाहेर पडली होती, आणि इल्होम, म्हणजे माझा नवरा, चालायला लागला तोवर ती पुरती बहिरी झाली होती. एका दालनात शेकडो माग होते. कान जायचेच, कोणाचे लवकर, कोणाचे उशिरा. त्या बायका त्याचं फार मनावर घेत नसत, कारण मागांच्या खडखडाटात ऐकण्यावर कोणाचंच काम चालत नव्हतं. गिरणीत आलेली मुलगी पहिल्या काही महिन्यांतच ओठ वाचायला शिकायची. मग दालनाच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईशी खुशाल गप्पा मारायची. मुकादम मधून चालत असला तरी त्याच्याचबद्दल काय वाटेल ते बोलायची, आणि तो बिचारा मागाचे धागे बघत पुढे जायचा.

सासरे होलमत डोंगरातल्या शिशाच्या खाणीत ड्रिल चालवायचे. खडकाला भोक पाडताना पाणी सोडायचं असतं, म्हणजे धूळ उडत नाही. पण हिवाळ्यात नळ्या गोठायच्या, आणि एरवीही पाण्याने काम हळू होतं म्हणून वरचे लोक कुरकुर करायचे. मग कोरडंच चालायचं. पाळी संपवून वर आले की भुवया, पापण्या, मिशा सगळं पांढरं. जणू तंदूरवाल्याकडून पिठात लोळून आलेत.

दोघांची ओळख झाली ती एका लग्नात. अंगणाच्या एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. सासूबाई आणि त्यांची मैत्रीण जमीरा, दोघी गिरणीतल्याच, आवाज न काढता पाहुण्यांची टर उडवत बसल्या होत्या. सासूबाईंनी समोरच्या एका उंच पोराकडे बघून ओठ हलवले, की याचं नाक आधी येतं आणि हा मागून येतो. त्या पोराने मान वर केली आणि तसंच, आवाज न काढता, ओठांनी उत्तर दिलं, "नाक आजोबांचं आहे. परत मागायला आले तर देऊन टाकीन."

ड्रिलच्या आवाजातही माणसाला माणूस ऐकू येत नाही, तेव्हा खाणवालेसुद्धा ओठ वाचतात, हे त्या दोघींच्या डोक्यातच आलं नव्हतं. जमीरा हा किस्सा सांगायची तेव्हा दर वेळी तिच्या डोळ्यांत हसून पाणी यायचं.

मी सून होऊन या घरात आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटलं, सासू-सासऱ्यांचा अबोला आहे. जेवताना जमिनीवर अंथरलेल्या दस्तरख्वानाशी दोघं समोरासमोर बसायची आणि घरात एक शब्द नाही. मी इल्होमला हळूच विचारलं, तर तो म्हणाला, "अबोला कसला? भांडताहेत. तू ओठांकडे बघ."

मी बघायला शिकले. मुलं झाल्यावर मीही मुलांसारखं सासऱ्यांना बोबो, म्हणजे आजोबा, म्हणू लागले, आणि सासूबाई तर सगळ्या गल्लीच्याच ओया, म्हणजे आई, होत्या. माझ्याशी बोलताना ओया आवाज काढून बोलायच्या, पण तो त्यांना स्वतःला ऐकू येत नसल्याने फार मोठा निघायचा, आणि बाजारात लोक वळून बघायचे. बोबोंशी मात्र त्या कधीच आवाज काढून बोलल्या नाहीत. ते दोघं बाजाराच्या दोन टोकांना उभे राहून खरबुजाचा भाव पक्का करायचे आणि विकणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही. जमीरा चहाला आली की दोघी मैत्रिणी तासन् तास नुसते ओठ हलवत बसायच्या. बोबो पलंगावरून म्हणायचे, "दोघींचा रेडिओ बिघडला वाटतं. काही ऐकूच येत नाही." मग जमीरा त्यांच्याकडे वळून ओठांनी असं काही बोलायची की बोबो लाजून तोंड भिंतीकडे करायचे.

खाण बंद पडली, गिरणीही बंद पडली. माग भंगारात गेले. बोबोंचा खोकला मात्र राहिला. आधी डोंगर चढताना दम लागायचा, मग जिना, मग अंगण. डॉक्टरांनी फुप्फुसांचा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले की दगडाची धूळ आत जाऊन बसली आहे आणि फुप्फुस तिच्याभोवती कडक होत चाललं आहे. यावर औषध नाही, जेवढा श्वास उरला आहे तेवढा जपून वापरा. ओया डॉक्टरांचे ओठ वाचत होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "श्वास जपून वापरा म्हणाले ना?" मी हो म्हटलं. त्या दिवसापासून त्यांनी बोबोंशी भांडणं बंद केलं. बोबोंना ते आवडलं नाही. ते म्हणायचे, हिला झालंय काय, मी काहीही बोललो तरी ही हो म्हणते.

घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. सुरुवातीला नाकात घालायची बारीक नळी होती आणि ओया तिच्यावर खूष होत्या, कारण तोंड मोकळं राहायचं. पुढे नळीने भागेना. डॉक्टरांनी मास्क लावायला सांगितला. नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा, श्वासाने आतून धुरकटणारा मास्क.

त्या दिवशी ओया बोबोंसमोर बसल्या आणि बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. प्लास्टिकमागे ओठ हलत होते, पण वाफेत काही दिसत नव्हतं. बोबो मास्क बाजूला करायला लागले की ओया त्यांचा हात धरायच्या. मग मीच मधली झाले. बोबो मास्कमधून पुटपुटायचे, मी ऐकायची आणि ओयांकडे तोंड करून सांगायची. पाणी हवंय. उशी वर करा. जर्दाळूच्या झाडाला आळं केलं का? असली कामाची बोलणी माझ्यामार्फत व्हायची. बाकीची नवरा-बायकोतली बोलणी सुनेमार्फत कशी व्हायची? ती राहूनच गेली.

हिवाळ्यात आमच्याकडे वीज जाते. यंत्र बंद पडलं की मी धावत जाऊन मागच्या खोलीतून सिलिंडर आणायची आणि जोडायची. त्या मधल्या थोड्या वेळात बोबो मास्क काढून हातात धरायचे आणि दोघं बोलून घ्यायचे. एकदा मी सिलिंडर ओढत दारात आले तर ओया हसत होत्या, तोंडावर हात धरून, नव्या नवरीसारख्या. मला बघताच त्यांचा चेहरा उतरला. नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "नोदिरा, वीज गेली की मला बरं वाटतं. कसली बायको मी." मी गाजरं चिरत राहिले.

इल्होम तेव्हा रशियात लाकडाच्या कारखान्यात होता. फोनवर त्याचा चेहरा दिसायचा आणि ओया पडद्याला नाक लावून त्याचे ओठ वाचायच्या. एकदा तो बोलत असताना त्या मध्येच मला म्हणाल्या, "त्याला डावा हात दाखवायला सांग." मी म्हटलं, काहीतरीच काय. त्या म्हणाल्या, "महिनाभर बघतेय, चहाचा पेला उजव्या हाताने उचलतो, टोपी उजव्या हाताने नीट करतो, कान उजव्या हाताने खाजवतो, तोही डावा कान." मी सांगितलं. इल्होम आधी हसला, मग त्याने हात वर केला. दोन बोटं नव्हती. करवतीत गेली होती, आणि जखम भरूनही आली होती.

मी फोन धरून तशीच बसले. बोबोंनी तो माझ्या हातातून घेतला आणि मास्क खाली ओढला.

"दुखतं का?"

"नाही, आता नाही दुखत."

"आपल्या घरात कोणी अख्खं राहायचं नाही असं ठरलंय वाटतं," बोबो म्हणाले, आणि फोन मला परत दिला.

त्यांनी इल्होमला परत ये म्हटलं नाही. इथे येऊन तो काय करणार, हे तेही जाणून होते.

हिवाळा सरत आला तेव्हा बोबो फारच थकले. खाणं सुटलं. कवळी हिरड्यांना लागायला लागली म्हणून काढून ठेवली, आणि त्यांचं तोंड आत गेलं, ओठ पातळ झाले. वीज गेली तरी आता ते बोलायचे नाहीत, नुसते ओयांचा हात धरून पडून राहायचे.

त्या दिवशी दुपारी मी अंगणात तंदूरवर नान लावत होते. वीज होती, यंत्र खोलीत घरघरत होतं. गरम नान फडक्यात घेऊन मी दारात आले तर बोबोंचा मास्क हनुवटीखाली होता आणि ते बोलत होते. ओया त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या होत्या, अगदी जवळ, आणि मान हलवत होत्या. हो. हो. बोबोंनी डोळे मिटले. ओयांनी दोन्ही हातांनी मास्क त्यांच्या तोंडावर बसवला, पट्टा कानामागे नीट केला. मी आत न जाता तशीच मागे फिरले. मला वाटलं, किती दिवसांनी बोलताहेत, बोलू देत.

संध्याकाळच्या नमाजाआधी बोबो गेले.

बायका सुतकाचे निळे कपडे घालून रडायला आल्या. इल्होम तिसऱ्या दिवशी पोचला. त्याला मिळाली ती कबरीवरची मातीच. जो येईल तो ओयांना विचारायचा, शेवटी काय म्हणाले? ओया सगळ्यांना एकच सांगायच्या, "सगळ्यांना दुवा दिली." लोक म्हणायचे, नशीबवान माणूस, बायकोशी बोलून गेला. इल्होम त्या एका वाक्यावर किती रडला ते मी पाहिलं.

चाळिसावा झाला, पाहुणे गेले, इल्होमही परत गेला. मी भांडी आवरत होते. ओया माझ्यासमोर येऊन बसल्या आणि माझ्याशी पहिल्यांदाच आवाज न काढता बोलल्या. मुलं शेजारच्या खोलीत होती म्हणून असेल.

"मला कळलं नव्हतं."

काय कळलं नव्हतं, मी ओठांनीच विचारलं.

"ते काय म्हणाले ते. दात नव्हते, ओठ थरथरत होते. मी बघत होते, पण काही अर्थ लागत नव्हता. पुन्हा सांगा म्हटलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण एकेका शब्दाला त्यांची छाती कशी वर येत होती, तू पाहिली नाहीस. म्हणून मी हो म्हटलं. त्यांना वाटलं, मला कळलं. मग त्यांनी डोळे मिटले."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, कारण त्यांना दाखवायचं होतं. "असं केलं बघ," म्हणाल्या, आणि बोबोंचं तोंड करून दाखवलं. ओठ मिटले, उघडले, खालचा ओठ आत गेला. पुन्हा मिटले. "तू यंत्राच्या आवाजात काही ऐकलंस? दारात होतीस ना?"

मी ऐकलं नव्हतं. तसं सांगितलं.

मग त्यांनी मला समोर बसवलं आणि एकेक शब्द आवाज न काढता म्हणायला लावला. माफ कर म्हण. बस म्हण. मुलाचं नाव घे, पण 'बाळ' म्हण, ते त्याला बाळच म्हणायचे. पाणी म्हण. मी म्हणत गेले. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, जशा गिरणीत बघत असतील. माफ, बस, बाळ, पाणी. सगळे शब्द ओठ मिटूनच सुरू होतात. बघणाऱ्याला सगळे सारखेच.

"गिरणीतही हे कळायचं नाही," त्या म्हणाल्या. "पण तिथे बोलणं कशावरून चाललंय ते माहीत असायचं." मग म्हणाल्या, "पाणी मागितलं असेल तर, नोदिरा? किटली उशाशीच होती. मी नुसती मान हलवली."

मी म्हटलं, पाणी नसेल मागितलं, पाणी मागायला कोणी एवढं बोलत नाही.

"त्यांना एका शब्दालाही एवढाच वेळ लागायचा," ओया म्हणाल्या.

वसंतात जमीरा आली. गिरणीत ओठ तिच्याइतकं चांगलं कोणी वाचत नसे, असं ओया नेहमी सांगायच्या. चहा झाल्यावर ओयांनी तिला सगळं सांगितलं आणि बोबोंचं तोंड करून दाखवलं. जमीराने दोनदा बघितलं. मग जराही न अडखळता ओठांनी म्हणाली, "मला तर स्पष्ट दिसलं. 'बरं झालं, माझ्या नशिबात तू होतीस.' असं म्हणाले ते."

ओया तिच्याकडे बघत राहिल्या. मग मोठ्याने, त्यांच्या त्या बाजारातल्या आवाजात म्हणाल्या, "लबाड. मुकादमालाही तू अशीच फसवायचीस."

जमीरा हसायला गेली आणि तिला रडू आलं. ओया रडल्या नाहीत. त्यांनी तिच्या पेल्यात चहा ओतला आणि जर्दाळूला या वर्षी मोहर कमी आला आहे असं काहीतरी बोलल्या.

अजूनही मधूनच, मी कणीक मळत असले किंवा मुलांचे केस विंचरत असले, की ओया समोर येऊन उभ्या राहतात आणि मी वर बघेपर्यंत थांबतात. त्यांचे ओठ मिटतात, उघडतात, खालचा ओठ आत जातो. मी नीट बघते. मग मान हलवून सांगते, नाही कळलं, ओया. त्या म्हणतात, बरं, आणि आपल्या कामाला जातात.