पिशवी दाबू नये

आमच्या नणंदेचा नवरा वॉर्डातले मळके कपडे गोळा करतो. बायकोला मारायचा तसाच तो पिशव्या भरायचा, अंगात आल्यासारखा. पिशवी पाऊण भरली की तोंड बांधायचं, हे आमच्या हॉस्पिटलात भिंतींनाही पाठ आहे. हा मात्र काठोकाठ कोंबणार आणि वर गुडघा रोवून दाबणार. मागे त्याच्याच पिशवीतली सुई माझ्या हातमोज्यात घुसली होती. कातडी वाचली, पण मी त्याला माफ केलेलं नाही.

नणंद आणि मी धुलाईखान्यात मळक्या बाजूला, न धुतलेले कपडे येतात तिथे, काम करतो. त्याने ओठ फोडल्यापासून ती आमच्याकडेच राहत होती. आज पाळी सुटली की तो न्यायला येणार होता, आणि ही वेडी "जाईन म्हणते, वहिनी" म्हणून मोकळी झाली होती.

तो दुपारीच आला, फुगलेली पिशवी ओढत.

"ही नाही घेता येणार," नणंद म्हणाली. पिशवीला तिने हात लावला नाही. "दाबून भरलीय तुम्ही. परत न्या, सिस्टरला दाखवा."

"मला परत पाठवतेस?"

त्याने तिचे केस धरले आणि डोकं मशीनच्या दारावर आपटलं. पुन्हा आपटलं. काचेवर रक्त लागलं. मी चादरी ओढायचा लांब चिमटा उचलला आणि त्याच्या पाठीत घातला. वळला तसा दुसरा खांद्यावर. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

"जावईबापू, सोडा तिला! तिसरा टाळक्यात बसेल!"

सोडलं. पण राग कुठेतरी निघायला हवाच. "घेता येत नाही म्हणे! ही बघ, कशी बसते!" म्हणत तो हातमोजे न घालताच मुठीने पिशवीवर दणादण ठोसे घालू लागला. आणि एकदम किंचाळला. बोटांच्या बेचक्यात सुई रुतली होती. त्याच्याच वॉर्डातली, त्यानेच कोंबलेली.

गडी पांढराफटक पडला. बायकोच्या रक्ताकडे ज्याने ढुंकून पाहिलं नाही, तो स्वतःच्या थेंबाकडे बघून रडायला लागला. करावं तसं भरावं. मला काडीची दया आली नाही.

नणंद उठली. कपाळ गळत असताना तिने हातमोजे बदलले, सुई काढून सुयांच्या डब्यात टाकली, त्याचा हात नळाखाली धरला, साबण लावला. "पिळू नका, नुसतं वाहू द्या." मी दात-ओठ खात होते. पाघळली परत, वाटलं.

"कुणाला सांगू नकोस गं," तो हुंदके देत म्हणाला. "घरी चल."

"सांगणार. सुईचंही आणि माझ्या डोक्याचंही. एचआयव्ही लागू नये म्हणून औषध आजच सुरू करावं लागेल. मग रक्त तपासतील, काही महिने." तिने नळ बंद केला. "तोवर माझ्या अंगाला हात लावायचा नाही."

त्याने घाईघाईने मान हलवली.

"त्यानंतरही नाही," ती म्हणाली. "मी वहिनीकडेच राहणार आहे."

मी चिमटा खुंटीला अडकवला आणि सिस्टरला बोलवायला गेले.