तिसऱ्या खांबाजवळचा खड्डा

ओतकामाचा कारखाना बंद पडला तेव्हा क्रेनवाली बेचाळीस वर्षांची होती. वीस वर्षं ती छताखालच्या केबिनमध्ये बसून वितळलेलं लोखंड इकडून तिकडे नेत आली होती, आणि खाली जमिनीतल्या खड्ड्यात उभा राहून तिचा नवरा वाळूचे साचे करत होता. एका गुरुवारी फाटकाला कुलूप लागलं आणि शहराला उतरती कळा लागली. आधी खाणावळी बसल्या, मग शाळेतले वर्ग ओस पडले, बसगाड्या निम्म्या झाल्या. शेजारीपाजारी गाशा गुंडाळून गेले. हे दोघं राहिले.

तिला इस्पितळात लिफ्ट चालवायचं काम मिळालं. "वर-खाली तर करतेच आहे," ती म्हणे, "फक्त माणसं लोखंडापेक्षा जास्त कुरकुरतात." साचेवाल्याला मात्र हसू येत नसे. तो घरातलं सगळं करी, पण बाजारात जाताना कारखान्याची गल्ली टाळून लांबचा रस्ता धरी.

नऊ वर्षांनी कारखान्याच्या आठ शेडपैकी एक कुणीतरी भाड्याने घेतली. तिथे बसचे सांगाडे बनणार होते. जुनी क्रेन धडधाकट होती, चालवणारं कुणी नव्हतं. निरोप आला तशी ती गेली. शिडी चढताना गुडघे बोलू लागले, पण हातांना सगळं आठवत होतं.

तिसऱ्या आठवड्यात पत्रा दाबायचं बारा टनी यंत्र आलं. ते उचलून ती तिसऱ्या खांबापर्यंत आली आणि थांबली.

"मावशी, सोडा ना खाली!" खाली उभी असलेली नवी इंजिनिअर मुलगी ओरडली.

"इथे नाही सोडत. खाली खड्डा आहे. कारखाना बंद पडल्यावर वाळू टाकून बुजवलाय, वर काँक्रीटचा पातळ थर आहे नुसता."

"नकाशात तर नाहीये."

"नकाशात नसेल. माझा नवरा वीस वर्षं त्यात उभा होता, पोरी!"

यंत्र परत ट्रकवर ठेवून ती थेट घरी गेली. नवरा टॉवेलांच्या घड्या घालत होता. तिने सगळं सांगितलं.

"मी तिथे पाऊल टाकणार नाही," तो म्हणाला.

"नका टाकू. ते म्हणतील तिथे ठेवते मी उद्या."

त्याने आणखी दोन घड्या घातल्या. "वजन किती म्हणालीस?"

"बारा टन."

"तिसऱ्या खांबाजवळ? डोकं फिरलंय का त्यांचं?" असं म्हणत तो चपला शोधू लागला.

शेडच्या दारात तो जरासा अडखळला. मग कुणाकडे न बघता आत शिरला, खांबापासून सात पावलं मोजली आणि टाच आपटली. "इथून खणा."

वीतभर काँक्रीट फोडल्यावर खाली भुसभुशीत काळी वाळू लागली. त्याने मूठभर उचलली, बोटांत चोळली. बायकोला वाटलं, आता याच्या डोळ्यांत पाणी येणार. पण तो म्हणाला, "चांगली वाळू वाया घालवली गाढवांनी."

इंजिनिअर मुलीचा चेहरा पांढरा पडला होता. "काका, असे आणखी किती आहेत?"

"चार. दाखवतो, पण आधी चहा सांगा."

खड्डे पक्के भरायला दीड महिना लागला. तोवर तो रोज येत राहिला, आणि नंतर त्याला कुणी येऊ नको म्हटलं नाही. पुढच्या वर्षी दुसरी शेड उघडली. सहा अजून बंदच आहेत. पण सकाळी सातची बस पुन्हा सुरू झालीय, आणि हल्ली तिच्यात बसायला जागा मिळत नाही म्हणून साचेवाला रोज कुरकुरतो.